पुसण्याचा अधिकार आणि संहितेची साक्ष

१

लेखनव्यवहाराची मीमांसा करताना खोडण्याच्या क्रियेला समीक्षेने नेहमीच दुय्यम स्थान दिले आहे. लेखकाने काय लिहिले याची चर्चा होते. काय लिहून काढून टाकले याची चर्चा हस्तलिखित हाती लागले तरच होते, आणि तीही लिहिलेल्याचा अर्थ अधिक उजळावा एवढ्याच हेतूने. खोडणे ही स्वतंत्र नैतिक आशय असलेली कृती आहे काय, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. तो उपस्थित न होण्यामागे एक भौतिक कारण होते. कागदावर खोडलेला शब्द रेघेखाली शिल्लक राहतो. कागद फाडला वा जाळला की तो नाहीसा होतो. राखणे आणि नाहीसे करणे या दोन्ही क्रिया कोणा ना कोणा माणसाच्या हातून घडत. त्यामुळे जे उरले ते लेखकाने, किंवा त्याच्या पश्चात त्याच्या निकटवर्तीयांनी, उरू दिले असे गृहीत धरता येत असे.

संगणकातील फाइलव्यवस्थेने हे गृहीतक दोनदा मोडले, आणि दोन्ही वेळा परस्परविरुद्ध दिशांनी. सर्वसाधारण फाइलव्यवस्थेत नवी प्रत जुन्या प्रतीच्या जागी लिहिली जाते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने जुनी प्रत उरतच नाही. संगणकावर लिहिणाऱ्यांची संख्या वाढू लागली तेव्हा हस्तलिखितांचे युग संपले, यापुढे अभ्यासकाला फक्त अंतिम संहिताच मिळणार, अशी खंत व्यक्त झाली ती यामुळे. परंतु त्याच काळात याच्या उलट तत्त्वावर चालणाऱ्या व्यवस्थाही घडत होत्या. तेथे फाइलीत झालेला प्रत्येक बदल आपोआप एक स्वतंत्र आवृत्ती म्हणून नोंदला जातो, लेखकाने तशी इच्छा व्यक्त केलेली असो वा नसो. एकीकडे सारेच पुसले जाण्याची, तर दुसरीकडे काहीच न पुसले जाण्याची शक्यता निर्माण झाली.

यांपैकी दुसरी शक्यता समीक्षेला वरदानासारखी वाटणे स्वाभाविक आहे. तिच्यातून निर्माण होणारा नैतिक प्रश्न मात्र तितकासा उघड नाही. लेखकाने न राखलेली, तरीही राखली गेलेली आवृत्ती कोणाची असते? तिच्यातील विधानाबद्दल लेखक उत्तरदायी ठरतो काय? आणि ती वाचण्याचा समीक्षकाचा अधिकार कोणत्या अटींनी बांधलेला आहे?

२

या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी 'आवृत्ती' या संकल्पनेला या व्यवस्थांमध्ये कोणकोणते अर्थ प्राप्त झाले ते पाहणे आवश्यक आहे.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७७ साली जाहीर केलेल्या व्हीएमएस या कार्यप्रणालीत प्रत्येक फाइलीच्या नावापुढे अर्धविराम आणि एक क्रमांक असे. फाइल पुन्हा त्याच नावाने साठवली की क्रमांक एकाने वाढे आणि आधीची प्रत जशीच्या तशी राही. एखादी फाइल काढून टाकायची तर तिचा क्रमांक स्पष्टपणे सांगावा लागे. म्हणजे नष्ट करण्यासाठी लेखकाला नेमकेपणाने बोलावे लागे. साचलेल्या जुन्या प्रती एकदम दूर करण्यासाठी मात्र 'पर्ज' नावाची आज्ञा होती. ती दिली की सर्वांत नवी प्रत राही आणि जुन्या जात. 'पर्ज' या शब्दाचा मूळ अर्थ शुद्ध करणे. नव्याचे राहणे आणि जुन्याचे जाणे म्हणजे शुद्धी, अशी धारणा या आज्ञेच्या नावातच सामावलेली आहे.

मराठी वाचकाला येथे एका वेगळ्या शुद्धीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तिची रचना होऊन तेव्हा सुमारे तीनशे वर्षे लोटली होती आणि मधल्या काळात संहितेत अपपाठ शिरले होते. एकनाथांच्या शोधनाची दिशा 'पर्ज'च्या नेमकी उलटी आहे. येथे नवे ते अशुद्ध आणि जुने ते शुद्ध. जे नंतर आले ते गाळायचे आणि आरंभीचे जे होते त्याच्याकडे परतायचे. विसाव्या शतकात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीतही शोध उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे पोहोचता येईल अशा प्राचीनतम रूपाचाच होता. मात्र सुकथनकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत एक महत्त्वाचा फरक आहे. स्वीकृत पाठाबाहेरचे पाठ तेथे नष्ट होत नाहीत; ते पृष्ठाच्या तळाशी आणि परिशिष्टांत जातात. संपादक निवड करतो, परंतु निवडीचे पुरावे वाचकासमोर ठेवतो. त्याची चूक झाली असेल तर ती दाखवून देण्याची साधने त्यानेच पुरवलेली असतात.

आज्ञावलींच्या आवृत्त्या राखणाऱ्या साधनांमध्येही जुन्या-नव्याच्या श्रेणीचा हा प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या एससीसीएस या साधनात सर्व आवृत्त्यांचे बदल एकाच विणीत गुंफलेले असत. कोणतीही आवृत्ती बाहेर काढण्यास लागणारे श्रम जवळपास सारखेच असत. वॉल्टर टिची यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या आरसीएसमध्ये मुख्य शाखेवरची सर्वांत नवी आवृत्ती पूर्ण स्वरूपात राही, आणि जुन्या आवृत्त्या तिच्यापासून मागे मागे जात पुन्हा रचाव्या लागत. पहिल्या रचनेत सर्व क्षण समान अंतरावर आहेत. दुसरीत वर्तमान संपूर्ण आहे आणि भूतकाळ ही वर्तमानातून काढलेली व्युत्पत्ती आहे. ही निवड साठवण आणि वेग यांच्या हिशेबातून झालेली असली, तरी इतिहासाविषयीची एक भूमिका तिच्यातून नकळत व्यक्त होते.

तथापि या दोन्ही साधनांत एक गोष्ट समान होती. आवृत्ती आपोआप निर्माण होत नसे. लिहिणारा माणूस थांबून 'आता ही नोंदव' असे सांगे आणि काय बदलले, का बदलले याचे टिपण सोबत जोडे. २००५ साली लिनस टॉर्वाल्ड्स यांनी सुरू केलेल्या 'गिट'मध्येही 'कमिट' ही अशीच जाणीवपूर्वक केलेली नोंद आहे. या अर्थाने आवृत्ती ही एक कृती आहे: तिला कर्ता आहे, क्षण आहे आणि हेतूचे विधान आहे.

३

स्वयंचलित व्यवस्थांमध्ये ही कृती घटनेत रूपांतरित होते. याचे सर्वांत विचारप्रवर्तक उदाहरण म्हणजे 'एलिफंट' ही प्रायोगिक फाइलव्यवस्था. सॅन्ट्री, फीली, हचिन्सन प्रभृती संशोधकांनी १९९९ साली तिच्याविषयी निबंध सादर केला. कधीही न विसरणाऱ्या प्राण्याचे नाव धारण करणाऱ्या या व्यवस्थेवरील निबंधाच्या शीर्षकात प्रश्न मात्र विसरण्याचा आहे: केव्हा विसरावे, हे कसे ठरवायचे?

निबंधामागील निरीक्षण साधे आहे. डिस्कवरील जागा महाग होती तोवर जुनी प्रत पुसणे ही काटकसरीची गरज होती. जागा स्वस्त झाल्यावर ती गरज क्षीण झाली, तरीही फाइल पुसणे आणि तिची जागा मोकळी करणे या दोन भिन्न क्रिया एकच मानण्याची रीत चालू राहिली. एलिफंटने त्या वेगळ्या केल्या. फाइल उघडून, तीत बदल करून ती बंद केली की नवी आवृत्ती तयार होते. लेखकाने पुसले तरी तत्काळ काहीच जात नाही. काय राखायचे आणि काय सोडायचे हे त्या फाइलीला लागू केलेल्या धोरणावर अवलंबून असते. एका धोरणात फक्त शेवटची प्रत राहते, दुसऱ्यात सर्व राहतात, तिसऱ्यात चूक सुधारता यावी म्हणून ठरावीक मुदतीपर्यंतच जुन्या प्रती राहतात.

साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने चौथे धोरण सर्वांत अर्थपूर्ण आहे. त्यात 'महत्त्वाच्या' आवृत्त्या, त्या व्यवस्थेच्या भाषेत 'खुणेचे दगड', तेवढ्या राखल्या जातात. वापरणारा स्वतः एखाद्या आवृत्तीवर अशी खूण करू शकतो. त्याने ती केली नाही तर व्यवस्था अनुमान करते. नुकत्याच झालेल्या सर्व आवृत्त्या ती महत्त्वाच्या मानते. काळ लोटला की एकापाठोपाठ एक झटपट झालेल्या बदलांचा ती एक गट धरते आणि त्या गटातील शेवटची आवृत्ती राखून मधल्या सोडून देते. या अनुमानामागे अनुभवाचे शहाणपण आहे, कारण माणसालाही दूरच्या भूतकाळातले तपशील नव्हे तर टप्पेच आठवतात.

परंतु येथे महत्त्वाचा निकष कोणता आहे? आशय नव्हे, दोन बदलांमधील वेळेचे अंतर. एखाद्या कवीने काही मिनिटांच्या आत एक ओळ लिहिली, बदलली आणि पुन्हा बदलली. कवितेचे भवितव्य ठरवणारा पर्याय त्या मधल्या अवस्थेत असू शकतो. नंतर तो उठून गेला, परतल्यावर एक स्वल्पविराम घातला आणि फाइल बंद केली. घड्याळाच्या लेखी स्वल्पविरामाची आवृत्ती हा खुणेचा दगड ठरेल आणि ती ओळ वाटेतली धूळ. उद्याचा अभ्यासक या टप्प्यांच्या आधारे 'कवितेच्या घडणीचे टप्पे' मांडील तेव्हा तो कवीच्या मनाचा आलेख काढत असेल की कवीच्या विश्रांतीच्या वेळांचा?

एलिफंट हा प्रयोग होता. त्यातील मूळ विचार मात्र आता नित्याच्या वापरात आला आहे. ॲपलने २००७ मध्ये 'टाइम मशीन'द्वारे नियमित प्रती राखण्याची आणि २०११ मध्ये दस्तऐवजाच्या आवृत्त्या आपोआप साठवण्याची सोय आपल्या कार्यप्रणालीत आणली. इंटरनेटवरून लिहिल्या जाणाऱ्या सामायिक दस्तऐवजांत तर 'साठव' असे सांगावेही लागत नाही. ज्याला आपल्या लेखनाच्या आवृत्त्या होत आहेत याचे भानही नसते, त्याच्याही आवृत्त्या होतात.

४

यातील नैतिक अडचण समजून घेण्यासाठी 'हे विधान माझे आहे' असे म्हणण्याचा अर्थ तपासला पाहिजे. एखादे वाक्य लेखकाचे ठरते ते केवळ त्याच्या बोटांनी ते उमटवले म्हणून नव्हे. मनात येऊन गेलेला प्रत्येक विचार जसा माणसाचे मत ठरत नाही, तसे पडद्यावर येऊन गेलेले प्रत्येक वाक्य लेखकाचे विधान ठरत नाही. पुष्कळदा एखादे वाक्य ते कसे दिसते हे पाहण्यासाठीच लिहिले जाते. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच जोराने मांडून पाहिले जाते. राग शब्दांत उतरवून तो पुसला जातो आणि त्या पुसण्यानेच लेखक रागाच्या पलीकडे जातो. वाक्य लेखकाचे होते ते त्याने ते राहू दिले म्हणून. या राहू देण्याला 'स्वीकार' म्हणता येईल.

स्वीकाराला नैतिक अर्थ असतो तो नकार शक्य असतो म्हणूनच. जे नाकारताच येत नाही ते राहू देणे म्हणजे संमती नव्हे, निरुपाय होय. म्हणून पुसण्याची शक्यता ही जबाबदारीतून पळण्याची वाट नसून जबाबदारीची पूर्वअट आहे. पुसण्याचा अधिकार असलेल्या लेखकालाच 'हे तू का राहू दिलेस?' असे विचारता येते. प्रत्येक स्पंदन नोंदवणारी व्यवस्था लेखकाला अधिक उत्तरदायी करते, असा समज सहज होतो. वस्तुतः ती उत्तरदायित्वाचा पायाच डळमळीत करते, कारण स्वीकारलेले आणि नाकारलेले यांना ती एकाच पातळीवर, एकाच यादीत, तारखेच्या क्रमाने मांडते.

यावर असे म्हटले जाईल की, लेखकाची इच्छा डावलून त्याचे लेखन राखणे ही गोष्ट नवी नाही. आपले अप्रकाशित लेखन न वाचता जाळून टाकावे, अशी काफ्काची सूचना होती. १९२४ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर माक्स ब्रोडने ती पाळली नाही, आणि पुढच्याच वर्षी 'द ट्रायल' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. जगाने या आज्ञाभंगाबद्दल ब्रोडचे आभारच मानले. मग यंत्राने तेच केले तर आक्षेप का?

दोहोंतील फरक मूलभूत आहे. ब्रोडने निर्णय घेतला. आपण ही इच्छा पूर्ण करणार नाही असे काफ्काला त्याच्या हयातीतच सांगितले होते, असे समर्थन त्याने दिले. त्या समर्थनाची चिकित्सा आजवर होत आली आहे. त्याने मित्राचा विश्वास मोडला असेल किंवा मित्राचा खरा हेतू ओळखला असेल. दोन्ही बाबतींत तो दोषाला वा स्तुतीला पात्र आहे. फाइलव्यवस्थेला दोष देता येत नाही आणि स्तुतीही करता येत नाही. तिने राखले ते ओळखून नव्हे. राखण्याची जबाबदारी घेणारा कोणी नाही, आणि म्हणून राखण्याला मूल्यनिर्णयाचा दर्जाही नाही. ब्रोडने राखलेले हस्तलिखित हा एका वाचकाचा अभिप्राय आहे. आपोआप राखली गेलेली आवृत्ती हा कोणाचाच अभिप्राय नाही.

५

हा युक्तिवाद येथेच थांबवला तर तो एकांगी ठरेल. पुसण्याचा अधिकार दुबळ्याचे रक्षण करतो तसा तो बलवंतालाही सोयीचा असतो. इतिहासातील बहुतेक पुसापुशी कवींनी नव्हे, सत्ताधाऱ्यांनी केलेली आहे.

२००३च्या आरंभी ब्रिटिश सरकारने इराकविषयी एक दस्तऐवज प्रसृत केला. गुप्तवार्तांवर आधारलेला म्हणून पुढे ठेवलेल्या या दस्तऐवजाचा बराच भाग इब्राहीम अल-मराशी या संशोधक विद्यार्थ्याच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखातून श्रेयनिर्देश न करता उचललेला होता, हे केंब्रिजमधील अध्यापक ग्लेन रंगवाला यांनी दाखवून दिले. मूळ लेखातील चुकाही नव्या संहितेत तशाच उतरल्या होत्या. समान चुकांवरून प्रतींची वंशावळ ठरवण्याचा पाठचिकित्सेचा जुना नियमच येथे कामी आला. शिवाय तो दस्तऐवज वर्ड या प्रणालीच्या फाइलरूपात उपलब्ध झाला होता, आणि त्या फाइलीत अखेरच्या दहा साठवणींची नोंद आपोआप राहिलेली होती. ती फाइल कोणकोणत्या हातांतून गेली हे त्या नोंदीमुळे उघड झाले. ही नोंद ठेवण्याची इच्छा कोणाचीही नव्हती. म्हणूनच ती उपयोगी पडली.

या प्रकरणात स्वयंचलित नोंदीने एका विद्यार्थ्याच्या श्रमांची आणि एका देशातील नागरिकांच्या विश्वासाची बाजू घेतली, असे म्हणावे लागेल. मग स्वीकाराचा सिद्धांत येथे लागू पडत नाही काय? तो पडतो, परंतु त्याची मर्यादा या उदाहरणाने स्पष्ट होते. येथे दस्तऐवज प्रसृत झालेला होता. संहिता दुसऱ्यांच्या हाती सोपवली, तिच्या आधारे त्यांनी विश्वास ठेवावा अशी मागणी केली की, ती कशी सिद्ध झाली हे विचारण्याचा अधिकार त्यांना प्राप्त होतो. प्रसिद्धीपूर्वी पुसणे हा विचाराचा भाग आहे. प्रसिद्धीनंतर गुपचूप पुसणे हा वाचकाशी केलेला विश्वासघात आहे. एखादे शासन, संस्था वा नियतकालिक आधी केलेले विधान मागाहून मूकपणे बदलत असेल, तर आधीची आवृत्ती राखली जाणे हे सार्वजनिक हिताचे आहे, आणि ती राखण्यास कर्त्याच्या संमतीची गरज नाही.

तेव्हा प्रश्न राखावे की विसरावे असा नाही. खाजगी खर्डा आणि सार्वजनिक विधान यांमधील उंबरठा कोठे आहे, आणि तो ओलांडण्याचा निर्णय कोण घेतो, हा खरा प्रश्न आहे. स्वयंचलित आवृत्तिव्यवस्थेचा दोष ती फार राखते यात नाही. तिला हा उंबरठा दिसत नाही, यात आहे. पत्राचा रागावलेला पहिला खर्डा आणि शासकीय घोषणेची मागाहून बदललेली प्रत तिच्या लेखी एकाच जातीच्या वस्तू आहेत.

६

समीक्षेपुरते यातून काय निष्पन्न होते? हा प्रश्न दूरच्या भविष्यातला नाही. सलमान रश्दी यांची कागदपत्रे अमेरिकेतील एमोरी विद्यापीठाकडे आली तेव्हा त्यांत त्यांचे संगणकही होते. २०१०पासून त्यांच्या एका संगणकाचे अंतरंग तेथे अभ्यासकांना अनुकरणाच्या तंत्राने पाहता येऊ लागले. मराठीतील ज्या लेखकांचे सारे लेखन संगणकावर झाले आहे, त्यांच्या अभ्यासकांसमोरही उद्या हीच सामग्री येणार आहे.

संहितेच्या घडणीचा अभ्यास करणाऱ्या फ्रेंच परंपरेत जाँ बेल्मँ-नोएल यांनी १९७२ मध्ये 'प्राक्-संहिता' ही संकल्पना मांडली. टिपणे, खर्डे, दुरुस्त्या यांचा ढीग म्हणजे प्राक्-संहिता नव्हे. त्या ढिगातून समीक्षक जी सुसंगत मांडणी रचतो ती प्राक्-संहिता, हा तिचा महत्त्वाचा आशय आहे. म्हणजेच घडणीचा इतिहास सापडत नाही, तो रचला जातो, आणि रचणारा त्याला जबाबदार असतो. फूको यांनी १९६९च्या व्याख्यानात नीत्शेच्या वहीतील धोब्याच्या हिशेबाचे उदाहरण घेऊन लेखकाच्या 'समग्र साहित्या'ची सीमा कोण आखतो, असे विचारले होते. स्वयंचलित व्यवस्थेने या प्रश्नाला संख्येचे अक्राळविक्राळ रूप दिले आहे. त्याचे उत्तर मात्र तिने दिलेले नाही.

या पार्श्वभूमीवर 'साक्ष' आणि 'खूण' यांत भेद करणे अगत्याचे ठरते. साक्ष देणारा काही सांगू इच्छितो. तिच्या खरेपणाची हमी तो घेतो. खूण कोणाला काही सांगत नाही. वाळूत उमटलेल्या पावलाप्रमाणे ती फक्त उरते. लेखकाने जपलेले हस्तलिखित, टिपणासह नोंदवलेली आवृत्ती, प्रसिद्ध केलेली पहिली आणि सुधारून काढलेली दुसरी आवृत्ती, या साक्षी होत. आपोआप साठलेली अवस्था ही खूण होय. खुणेवरून काय घडले याचे अनुमान काढता येते; काय म्हणायचे होते याचे विधान मात्र तिच्या मुखी घालता येत नाही. 'लेखकाचे मूळ मत असे होते, पुढे त्याने ते दडवले' अशा धर्तीची वाक्ये पुसलेल्या खर्ड्याच्या आधारे लिहिणे म्हणजे खुणेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे होय. अशा सामग्रीतून उद्धृत करणाऱ्या अभ्यासकाने ती कोणी राखली, कोणत्या नियमाने राखली आणि त्या नियमाने काय गाळले असण्याची शक्यता आहे, हे सांगणे त्याच्या शिस्तीचा भाग मानले गेले पाहिजे.

सुकथनकरांच्या पृष्ठाची मांडणी या संदर्भात आजही आदर्शवत आहे. वर स्वीकृत पाठ, खाली उरलेले पाठ, आणि दोहोंमध्ये एक रेघ. फाइलव्यवस्थेच्या यादीत सर्व काही आहे, पण ही रेघ नाही. ती ओढणे हे यंत्राचे काम कधीच नव्हते. लेखकाने ती आपल्या हयातीत पुसण्याच्या रूपाने ओढलेली असते. समीक्षकाला ती पुसट दिसली, तरी ती तेथे होती हे त्याने विसरता कामा नये.